बिनटाळ्यांचा शुक्रवार

पहिल्याच भेटीत फाकुंदोच्या मुलीनं मला कडकडून चावा घेतला. तुमचं कसं जमलं, असं मैत्रिणी विचारतात, तेव्हा मला सुरुवात मनगटापासूनच करावी लागते.

ऑगस्टमधला शुक्रवार होता. नेउकेनहून ब्युनोस आयरेसला येणारं आमचं संध्याकाळचं विमान. वारा नुसता पिसाळला होता आणि माझ्या ट्रेमधले कप एकमेकांना ढुशा देत होते. सहाव्या रांगेत एक उंच, खांद्यात जरासा वाकलेला माणूस, आणि खिडकीशी त्याची चार वर्षांची लेक. अख्खा प्रवास पोरगी शहाण्यासारखी बसली. मी रस द्यायला गेले तर मलाच दटावलं, "तुझा पट्टा कुठंय?"

"माझ्या खुर्चीला आहे, तिकडे पुढे."

"मग जाऊन बस ना! पडशील."

मला हसू आलं. तेवढ्यापुरती ती मला आवडलीसुद्धा.

मग विमान उतरलं. चाकं टेकली आणि आमच्याकडे होतं तसं सगळं विमान टाळ्या वाजवायला लागलं. जितका वारा जास्त, तितक्या टाळ्या जास्त. त्या गोंगाटातच ती किंचाळली. कान फाटतील अशी. पट्टा सोडून सीटवर उभी राहिली, दोन्ही हात वर, पाय झाडतेय, आणि विमान अजून धावपट्टीवर पळतंय! पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याचा चष्मा उडाला. मी धावले, तिला खाली बसवायला हात धरला… आणि तिनं माझ्या मनगटात दात रोवले.

लोक काय गप्प बसतात होय? "सांभाळता येत नाहीत तर पोरं काढतात कशाला!" "दोन लगावा, बघा कशी गप्प होते!" आमच्या देशात सल्ला कधी मागावा लागत नाही.

आता हा बाप काय करतो, मी बघत होते. दहा वर्षांच्या नोकरीत मी तीनच प्रकारचे बाप पाहिले होते. एक मारणारे, दुसरे पोराच्या तोंडासमोर फोन धरणारे आणि तिसरे माझ्यावरच डाफरणारे. यानं यातलं काहीच केलं नाही. दोन सीटांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत तो गुडघ्यांवर बसला, तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल इतका खाली. आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "हासिंता, मी इथं आहे. हा माझा हात. हे माझं नाक. मी इथंच आहे." किती वेळा म्हणाला कोण जाणे. हळूहळू तिचं अंग सैल पडलं. त्यानं आधी तिला पाणी पाजलं, मग म्हाताऱ्याचा चष्मा शोधून, पुसून त्याच्या हातात दिला, आणि सगळ्यात शेवटी माझ्यासमोर उभा राहिला.

"फार लागलं?"

"चालायचंच. नोकरी आहे," मी कोरडेपणानं म्हटलं.

"चावून घेणं पण नोकरीत येतं?"

त्याचे डोळे थकलेले होते, पण त्यात कुठंतरी हसू होतं. मी मान वळवली. नियम तो नियम. पट्टा सोडून उभं राहणं आणि कर्मचाऱ्याला इजा, म्हणजे अहवाल लिहायलाच हवा. मी लिहिला आणि गुलाबी प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं ती वाचली. काहीतरी बोलणार होता… पण लेकीनं बाही ओढली आणि तो गेला.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारीच, नेउकेनला जाणाऱ्या दुपारच्या फेरीत तो एकटाच होता. आम्ही मागे कॉफी करतो त्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला.

"तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो."

"काय?"

"'प्रवाशाच्या मुलीने कर्मचाऱ्यास चावा घेतला.' इतक्या वळणदार अक्षरात माझी अब्रू कुणी काढली नव्हती."

मिर्ता खोकली. मिर्ता म्हणजे आमची केबिनप्रमुख. वय चोपन्न, जीभ तिखट, आणि खोकल्याचे अर्थ अनेक. मी कॉफीचा कप त्याच्यापुढे ढकलला. "साखर?"

"तुमच्या मनगटाला अजून राग असेल, तर नको."

"मनगट बरंय. एक घालते."

असं करत करत कळलं, की तो जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. जाळीच्या दाराच्या, पितळी बटणांच्या.

"म्हणजे दिवसभर वर आणि खाली," मी म्हटलं.

"आणि पंधरा दिवसांतून एकदा आडवा."

हसले मी. हसू दाबायचं राहूनच गेलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, मुलगी नेउकेनला कुणाकडे असते? तिच्या आईकडे, तो म्हणाला. वेगळे होऊन दोन वर्षं झाली. एका शुक्रवाराआड तो लेकीला आणायला जातो, रविवारी नेऊन सोडतो. कोर्टानं ठरवून दिलेले तेवढेच दोन दिवस त्याचे.

"तुम्ही लिहिलात तो दुसरा अहवाल," तो कपाकडे बघत म्हणाला. "पहिला एका रविवारच्या फेरीतला. तिसरा झाला, की सहा महिने आम्हाला विमानात घेणार नाहीत."

"मग… बस?"

"सोळा तास जायला, सोळा यायला. आमचे दोन दिवस बसमध्येच संपतील. आणि तिची आई काही वाईट नाही हो, पण तिनं सांगून ठेवलंय. पोरीचे असे हाल होणार असतील तर हे बंद करू, सुट्टीत भेट तिला. चुकीचं काय बोलली? मी काय उत्तर देऊ?"

"मला… नियम होता."

"माहितेय. तुम्ही बरोबरच केलंत. विमान पळत असताना मूल उभं राहिलं, आणि ते कुणी लिहिलं नाही, तर मीच त्या विमानात तिला बसवणार नाही."

भांडला असता तर बरं झालं असतं, मी सहज निभावलं असतं. पण ज्याचं नुकसान मी माझ्या हातानं केलं, तोच मला बरोबर म्हणत होता. अशा माणसाचं काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कान दुखत असतील म्हणतात. गोळी चघळू द्या, टोपी घाला, नाक दाबा. सगळं झालं. मागच्या खेपेला रविवारी तर मी तिला झोपवूनच नेलं. पण झोप काय माझ्या हातातली आहे?"

त्या संध्याकाळी परतताना मी मिर्ताला जागा बदलून मागितली. पुढची घडीची खुर्ची, प्रवाशांकडे तोंड करून असते ती. मिर्तानं एक भुवई वर केली, पण दिली.

उतरताना मी हासिंतावरची नजर काढली नाही. चाकं दणकन टेकली. "धप्प!" ती म्हणाली आणि खुदकन हसली. हसली! कान दुखणारं मूल हसत नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टा सुटला, ती सीटवर चढली, दोन्ही हात ताणून वर. फाकुंदोनं तिची कंबर धरली होती, "मी इथं आहे, मी इथं आहे" चाललंच होतं, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. सगळ्यांच्या डोक्यांवरून लांब कुठंतरी बघत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

लोक उतरल्यावर मिर्तानं अहवालाचा कागद काढला. "तिसरा."

"मी लिहिते," म्हणून मी तो घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात कोंबला.

"पोरी, मी आंधळी नाही."

"माहितेय."

"पुढच्या वेळी मी स्वतः लिहीन. प्रेम आपल्या जागी, पट्टा आपल्या जागी."

"प्रेम कुठून आलं मधेच?"

"तेच तर मी बघतेय," मिर्ता म्हणाली.

ते पंधरा दिवस मला काही सुचलं नाही. डोळे मिटले की ते वर केलेले दोन चिमुकले हात दिसायचे. आणि खोटं कशाला बोलू, तिच्या कमरेभोवतीचे ते दुसरे दोन हातही दिसायचे. ग्रीसचे डाग पडलेले, मोठे आणि न चिडणारे. माणूस न चिडण्याच्या प्रेमात पडू शकतो, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी तो कोपऱ्यात आल्या आल्या मी विचारलं, "हासिंता टाळ्यांना घाबरते का?"

"टाळ्यांना?" तो हसला. "टाळ्यांना कोण घाबरतं, सेलेस्ते?"

माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं होतं. एरवी मी त्याच्यावर विचार करत बसले असते, पण आता वेळ नव्हता. "आठवून बघा. गर्दीत कधी काही वाईट झालं होतं?"

"उलट चांगलंच झालं होतं! जानेवारीत, भर उन्हाळ्यात, आम्ही मार देल प्लाताच्या समुद्रावर गेलो होतो. मी आइस्क्रीम आणायला वळलो, ती माझ्यामागे निघाली आणि गर्दीत हरवली. मग आपल्या किनाऱ्यांवरचं नेहमीचंच. कुणीतरी तिला खांद्यावर घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणजे आईबापांना कळावं मूल कुठं आहे. मी मूर्ख, वाऱ्यात आवाज कुठून येतोय तेच कळेना, उलट्या दिशेला धावत सुटलो. वीस मिनिटं! वीस मिनिटं सगळा किनारा माझ्या लेकीसाठी टाळ्या वाजवत होता. मी हे सगळ्यांना सांगतो, आपली माणसं किती—"

तो थांबला. कप हातातच राहिला.

मी हळूच विचारलं, "ज्यानं तिला खांद्यावर घेतलं, तो तिला काय म्हणाला असेल?"

"हात वर कर…" तो पुटपुटला. "हात वर कर, म्हणजे पापाला दिसशील."

तो तिथल्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर मटकन बसला.

"तू त्या टाळ्या लांबून ऐकल्यास, फाकुंदो. ती वीस मिनिटं त्यांच्या मधोमध होती."

"मी बाप आहे तिचा. आणि आठ महिने मी तिला गोळ्या चघळायला देतोय."

"तुला कसं कळणार? आपल्यापैकी कुणालाच कळलं नसतं. आपल्यासाठी टाळी म्हणजे आनंद." मी त्याच्यासमोर खाली बसले, तो लेकीसमोर बसायचा तशी. खरं सांगते, त्याचा हात धरायचा होता. धरला नाही, कपच धरला.

नेउकेनला पोचलो, तो हासिंताला घेऊन परत चढला, आणि विमान उतरायच्या थोडं आधी मी मिर्ताला गाठलं.

"टाळ्या वाजवू नका, असं सांगू?" मिर्ता किंचाळलीच. "आपल्या लोकांना? मांस जरा चांगलं भाजलं तरी भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतो आपण! त्यापेक्षा वाऱ्याला सांग, थांब म्हणून."

"विचारून तर बघू."

"माइकवरून खासगी घोषणा केलीस, तर महिनाभर जमिनीवर बसवतील तुला. काउंटरवर. विमान लांबून बघायचं."

"बसवू देत."

"आणि त्यांनी नाही ऐकलं, तर तिसरा अहवाल मी लिहीन. सांगून ठेवते."

"लिही."

मिर्तानं पर्समधून लिपस्टिक काढली. "मी स्वच्छतागृहात चाललेय. आत मला काही ऐकू येत नाही." आणि खरंच गेली बाई.

मी माइक घेतला. रोज बोलणारी मी, पण बटण दोनदा चुकलं.

"प्रवासीहो, थोड्या वेळात आपण उतरू. एक विनंती आहे. नियमातली नाही, माझी. गेल्या उन्हाळ्यात एक मूल समुद्रकिनाऱ्यावर हरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मूल सापडलं. त्या लोकांचं भलं होवो. पण त्या मुलाला अजून वाटतं… टाळ्या वाजल्या, म्हणजे कुणीतरी हरवलंय. ते मूल आज आपल्यासोबत आहे. म्हणून विमान टेकल्यावर आज टाळ्या नकोत. आनंद झालाच, तर शेजारच्याचा हात धरा."

मग मागून एक आवाज आला, "आणि शेजारी सासू असली तर?"

"तर डोळे मिटून धर!" सासूच ओरडली.

सगळं विमान हसलं. मी सहाव्या रांगेकडे बघायचं टाळलं आणि खुर्चीवर जाऊन पट्टा बांधला. मिर्ता लिपस्टिक लावून शेजारी येऊन बसली. वारा त्या दिवशीही होताच. विमान डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं, खाली नदीचं मातकट पाणी तिरकं दिसलं. आणि धप्प.

कुणीही टाळी वाजवली नाही.

एकशे चाळीस माणसं होती हो! फुटबॉलचा शर्ट घातलेला एक जाडा गडी स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला होता. अख्खा प्रवास भांडत आलेलं एक जोडपं एकमेकांचे हात धरून समोर बघत होतं. माझ्या हातावर मिर्ताचा अंगठ्यांनी भरलेला गार हात आला.

हासिंताचे खांदे कानापर्यंत चढले होते. ती वाट बघत होती. तिला ठाऊक होतं ना, आता येणार. एक क्षण गेला, दोन गेले, दहा गेले. हळूहळू तिचे खांदे खाली आले. तिनं मागे वळून बघितलं, पलीकडे बघितलं, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"पापा, आज कुणी हरवलं नाही?"

फाकुंदोनं तिचा हात हातात घेतला.

"नाही, राणी," तो म्हणाला. "आज सगळे आहेत."

मी रडले. मिर्तापण रडली, पण ती ते मरेपर्यंत कबूल करणार नाही.

लोक उतरायला लागले. कुणी जाता जाता हासिंताला डोळा मारला, कुणी आपल्या वाटणीचं बिस्कीट तिच्या हातात ठेवलं. फुटबॉलवाला गडी माझ्यापाशी थांबून म्हणाला, "बाई, फायनल बघतानासुद्धा मला एवढं अवघड गेलं नव्हतं." मी त्याचा खांदा थोपटला. असल्या माणसांवर जीव ओवाळून टाकावा.

शेवटी तो राहिला. लेक कडेवर, पिशवी खांद्यावर. दारात येऊन थांबला.

"तुझ्या साहेबांना कळलं तर?" त्यानं विचारलं.

"तर काय? कळणारच. एकशे चाळीस तोंडं आहेत, उद्या सकाळपर्यंत गावभर."

"मग?"

"मग महिनाभर जमिनीवर. काउंटरला."

"म्हणजे… पुढच्या खेपेला तू विमानात नसशील."

"नसेन."

त्यानं मान खाली घातली. मी त्याच्या केसांतली पिकलेली एक बट बघत राहिले.

"सेलेस्ते, लिफ्ट बंद पडून आत अडकलेल्या माणसांशी मी रोज बोलतो," तो म्हणाला. "दाराला तोंड लावून सांगतो, घाबरू नका, मी इथंच आहे. बारा वर्षं सांगतोय. मला स्वतःला ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज तू सांगितलंस. सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं." मग एक खोल श्वास. "मला तू हवी आहेस. कॉफीपुरती नाही. पंधरा दिवसांतून एकदा नाही. झालं… बोललो."

मिर्ता खोकली. या खोकल्याचा अर्थ मला कळला.

मला खूप काही म्हणायचं होतं. की मी दहा वर्षं याच दारात उभी राहून सगळ्यांना जाताना बघतेय. की मला कुणाशी जमलंच तर पंधरा दिवसांत विस्कटतं, कारण मी कधी घरीच नसते. की त्याला गुडघ्यांवर बसलेलं पाहिलं त्याच दिवशी माझं काम तमाम झालं होतं, चाव्याचं दुखणं नंतर कळलं. पण तोंडातून एवढंच निघालं, "मग महिनाभर मी इथंच आहे. जमिनीवर. रोज."

"आणि महिन्यानंतर?"

"महिन्यानंतर उडून जाईन आणि संध्याकाळी परत येईन. चालेल?"

उत्तर त्याच्याआधी हासिंताला सुचलं. बापाच्या कडेवरून तिनं माझ्या गळ्यातल्या रुमालाचं टोक पकडलं.

"आम्ही पिझ्झा खायला चाललोय. तू पण चल."

"मला अजून काम आहे गं. सीटा बघायच्या, कागद भरायचे…"

"कागद मी भरते," मिर्तानं माझी बॅग माझ्या पायावर आदळली. "सीटा पण बघते. चालती हो, नाहीतर तुझाच अहवाल लिहीन!"

हासिंतानं माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि खाली उतरायचं म्हणून हट्ट धरला. खाली उतरून तिनं एक हात त्याला दिला आणि दुसरा मला.

"दोघं पण नीट धरा," ती म्हणाली. "खाली खूप माणसं असतात."

आम्ही नीट धरलं. आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाबरोबर तरी विमानातून उतरले.